थांबलेले घड्याळ आणि फिरती पेटी

मनगटाच्या हालचालीने ज्याला आपोआप चावी बसते त्या घड्याळाला ऑटोमॅटिक घड्याळ म्हणतात, आणि ते काढून ठेवले की साधारण दीड-दोन दिवसांत थांबते. त्याच्या पाठच्या झाकणाखाली रोटर नावाची अर्धवर्तुळाकार जड पाकळी एका आसावर मोकळी फिरत असते. हात हलला की ती आपल्या वजनाने खालच्या अंगाला झुकते, तिच्या फिरण्याने काही छोटी चाके फिरतात आणि मेनस्प्रिंग, म्हणजे गोल डबीत गुंडाळून ठेवलेली लवचीक धातूची पट्टी, घट्ट होत जाते. ही पट्टी उलगडताना जी शक्ती देते तिच्यावर काटे चालतात, आणि पूर्ण भरलेली पट्टी जितके तास पुरते त्याला पॉवर रिझर्व्ह म्हणतात. स्वित्झर्लंडच्या ईटीए कंपनीच्या २८२४-२ या अतिशय प्रचलित यंत्रात तो सुमारे ३८ तासांचा आहे, जपानच्या सेकोच्या ७एस२६ मध्ये ४० तासांच्या आसपास आहे, तर अलीकडच्या काही यंत्रांत तो ७० ते ८० तासांपर्यंत गेला आहे. ज्याच्याकडे एकच घड्याळ आहे त्याला या आकड्यांशी कर्तव्य नसते. घड्याळे चार-पाच झाली की मात्र एकेकाची पाळी येईपर्यंत बाकीची बंद पडतात, आणि त्यावरचा उपाय म्हणून वाइंडर नावाची पेटी विकली जाते. तिच्यातील उशीवर घड्याळ बांधायचे आणि विजेच्या छोट्या मोटारीने ती उशी ठरावीक वेळाने ठरावीक फेरे फिरत राहायची, म्हणजे हाताचे काम पेटीने करायचे, एवढीच ही योजना आहे.

ही पेटी घड्याळाच्या हिताची की केवळ मालकाच्या सोयीची, यावर घड्याळे बाळगणारे आणि घड्याळे उघडणारे यांच्यात एकमत नाही. पुढील संवादातील दोन्ही पक्ष कल्पित आहेत. त्यांपैकी संग्राहकाकडे सात घड्याळे असून त्यांतील प्रत्येक आठवड्यातून एकदा मनगटावर चढते. घड्याळजीचे आयुष्य डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांची घड्याळे पाहण्यात गेले आहे. जुन्या शास्त्रग्रंथांच्या रिवाजाप्रमाणे पूर्वपक्ष आधी मांडला आहे, पण उत्तरपक्ष प्रत्येक वेळी जिंकलाच पाहिजे, हा त्या ग्रंथांचा दुसरा रिवाज येथे पाळलेला नाही.

संग्राहक : चालण्यासाठी घडवलेले यंत्र बंद ठेवणे हाच त्याच्यावरचा अन्याय आहे. उपसा नसलेल्या विहिरीचे पाणी नासते, वर्षानुवर्षे न उघडलेल्या दाराच्या बिजागऱ्या धरतात, मग घड्याळातील तेलाची गोष्ट वेगळी कशी असेल? चाके फिरत राहिली तर तेल पसरलेले राहते, थांबली तर ते एका जागी साचून घट्ट होते, आणि सहा महिन्यांनी घड्याळ चालू करावे तर त्या घट्ट तेलातून चाकांना वाट काढावी लागते. वाइंडर घेण्याचे पहिले कारण हेच सांगितले जाते आणि ते पटण्याजोगे आहे.

घड्याळजी : हे कारण एके काळी खरे होते, परंतु ते ज्या तेलाला लागू होते ते तेल आता घड्याळात घातले जात नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात घड्याळाचे उत्तम तेल म्हणजे प्राणिज तेल असे. पॉर्पॉइज या समुद्री सस्तन प्राण्याच्या जबड्यातून काढलेले तेल सर्वांत नावाजलेले होते आणि अमेरिकेतील न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीच्या बंदरातून ते जगभर जाई. असे तेल हवेशी संयोग पावून काही वर्षांत चिकट होत असे, त्यात आम्लता येऊन पितळेवर हिरवट थर चढत असे, आणि हे घड्याळ चालू असतानाही घडत असे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर घड्याळांसाठी प्रयोगशाळेत बनवलेली संश्लेषित तेले रुळली, आणि ती अशी लवकर गोठत नाहीत.

शिवाय विहिरीचा दृष्टान्त येथे मुळातच चुकतो, कारण घड्याळातील तेल वाहत नाही. वेगाने फिरणाऱ्या चाकांच्या आसाची टोके लाल खड्यांच्या छिद्रांत बसवलेली असतात. हे खडे म्हणजे कृत्रिम माणिक, आणि ते स्वस्तात बनवण्याची रीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओग्युस्त व्हर्नुई याने १९०२ साली जाहीर केली तेव्हापासून त्यांना दागिन्याची किंमत उरलेली नाही. प्रत्येक खड्याला वाटीसारखा खोलगट भाग असतो आणि त्यात तेलाचा सुईच्या अग्रावर मावेल एवढा थेंब पृष्ठताणाने धरून ठेवलेला असतो. तो थेंब जागेवर राहावा, पसरू नये, हीच तेल घालणाऱ्याची सारी धडपड असते. पसरू नये म्हणून काही भागांवर एपिलाम नावाचा अतिसूक्ष्म लेपही देतात. तेव्हा तेल सगळीकडे पसरलेले राहावे म्हणून घड्याळ चालू ठेवा असे सांगणे म्हणजे निरांजन आडवे करून ठेवा म्हणजे वात भिजलेली राहील, असे सांगण्यासारखे आहे.

तेलाचा मुद्दा येथे संपतो असे म्हणावे लागते, आणि तो संपणे महत्त्वाचे आहे, कारण वाइंडरला औषधाचा दर्जा त्याच्याच बळावर मिळालेला आहे. विक्रेत्यांच्या भाषेत हे कारण अजून जिवंत आहे याचे नवल वाटायला नको. यंत्र बदलते तेव्हा त्याच्याविषयीच्या समजुती लगेच बदलत नाहीत.

संग्राहक : तेल बाजूला ठेवू. ऑटोमॅटिक घड्याळाचा जन्मच मुळी किल्लीला हात लागू नये यासाठी झाला, हे आपण विसरत आहात. इंग्लिश घड्याळजी जॉन हारवुड याला मनगटी ऑटोमॅटिक घड्याळाचे स्विस पेटंट १९२४ साली मिळाले, आणि त्याच्या प्रयत्नामागे एक साधे निरीक्षण होते : धूळ आणि ओल घड्याळात शिरते ती किल्लीच्या भोकातून, म्हणजे चावी देण्यासाठी आणि काटे फिरवण्यासाठी कडेला जी दातेरी गुंडी असते तिच्या वाटेने. म्हणून त्याने आपल्या घड्याळाला बाहेरून किल्ली ठेवलीच नाही. काचेभोवतीची कडी फिरवून काटे लावायचे, अशी सोय केली. आता सात घड्याळे आळीपाळीने वापरणारा माणूस रोज सकाळी एकाची किल्ली उघडतो, ओढतो, फिरवतो, दाबतो आणि बंद करतो. पाण्यात चालणाऱ्या घड्याळांची किल्ली तर आटे असलेली, म्हणजे स्क्रूसारखी पिळून बसवायची असते. त्या आट्यांची आणि आतील रबरी गॅस्केटची रोज झीज होते. हारवुडने जे टाळले ते आपण पुन्हा ओढवून घ्यायला सांगता.

घड्याळजी : हारवुडचा दाखला चांगला आहे, पण त्याने टाळलेल्या गोष्टीवर दुसरा उपाय फार लवकर आला. रोलेक्सने आट्यांची किल्ली असलेले ऑयस्टर हे घड्याळ १९२६ सालीच बाजारात आणले आणि १९३१ साली त्याच्या आत पूर्ण वर्तुळ फिरणारा रोटर बसवला. हारवुडचे वजन मात्र पूर्ण फिरत नसे, दोन्ही टोकांना स्प्रिंगच्या अडसरांवर आपटून परत येई. किल्लीची झीज होते हे मान्य. परंतु घड्याळाच्या बाह्यांगात सर्वांत सहज बदलता येणारे भाग कोणते, तर किल्ली, ती ज्या नळीवर बसते ती नळी आणि गॅस्केट. झीज कुठे तरी होणारच असेल तर ती बदलता येण्याजोग्या जागी व्हावी, हे कोणत्याही कारागिराचे पहिले गणित असते.

आता दुसऱ्या बाजूची झीज मोजावी. घड्याळात बॅलन्स नावाचे एक चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या आधाराने डावी-उजवीकडे झुलत असते आणि त्याच्या प्रत्येक झोक्याला एक ठोका पडतो. कानाशी धरल्यावर येणारी टिकटिक ती हीच. २८२४-२ सारख्या यंत्रात ताशी २८,८०० ठोके पडतात. दिवसाचे झाले ६,९१,२०० आणि वर्षाचे २५ कोटी २२ लाख ८८ हजार. आठवड्यातून एक दिवस, सोळा तास वापरलेले घड्याळ काढून ठेवल्यावर ३८ तास चालेल, म्हणजे १६८ तासांच्या आठवड्यात ते ५४ तास चालले, सुमारे एक तृतीयांश. वाइंडरवर ठेवलेले तेच घड्याळ सर्व १६८ तास चालते. वर्षाला आठ कोटी ठोक्यांच्या जागी पंचवीस कोटी ठोके पडतात आणि त्यांतील सतरा कोटी कोणी ऐकलेलेही नसतात.

संग्राहक : हे गणित भीती घालायला बरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष तेवढा सरळ नाही. एक तृतीयांश चालणारे घड्याळ तिप्पट काळ सर्व्हिसिंगशिवाय राहील का? आपणच सांगितले की तेल थेंबाने असते. तो थेंब घड्याळ थांबलेले असतानाही हळूहळू आटतो, गॅस्केटचे रबर कपाटातही कडक होते. सर्व्हिसिंग म्हणजे घड्याळ पूर्ण सुटे करून, धुऊन, नव्याने तेल घालून जोडणे. ते पाच-सात वर्षांनी करायचे तर दोन्ही घड्याळांना करावेच लागणार. मग वाचलेले सतरा कोटी ठोके नेमके कोणाच्या पदरात पडले?

या प्रश्नाला घड्याळजीने दिलेले उत्तर तुटक होते, आणि प्रामाणिकपणे पाहता ते तसेच असायला हवे. काळाने होणारा ऱ्हास आणि चालण्याने होणारी झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल आणि रबर पहिल्या प्रकारात येतात. आसाची टोके, चाकांचे दात आणि रोटरचा आस दुसऱ्या. तेल ताजे असेपर्यंत दुसऱ्या प्रकारची झीज नगण्य असते आणि तेल संपल्यावर ती एकदम वाढते, कारण मग पोलाद माणकावर कोरडे घासू लागते आणि सुटणारा बारीक चुरा उरल्यासुरल्या तेलात मिसळून त्याची पॉलिशची पूड बनवतो. म्हणून वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करणाऱ्याला वाइंडरचा तोटा फारसा नाही. तोटा आहे तो टाळाटाळ करणाऱ्याला. आणि टाळाटाळ करणाऱ्यांचीच संख्या मोठी असते, कारण घड्याळ कोरडे पडले तरी लगेच थांबत नाही, बराच काळ रडतखडत चालत राहते, आणि मालकाला वाटते की ते ठणठणीत आहे. वाइंडरवर फिरणारे घड्याळ अशा मालकाची फसवणूक अधिक काळ करते.

संग्राहक : तरीही चालू घड्याळ अधिक बिनचूक असते, हे तर नाकारता येणार नाही. मेनस्प्रिंग भरलेली असताना बॅलन्सचा झोका मोठा आणि एकसारखा असतो. ती उतरत आली की झोका लहान होतो आणि वेळ मागेपुढे होऊ लागते. त्यातून एका जागी ठेवलेले घड्याळ ज्या अवस्थेत ठेवले त्या अवस्थेप्रमाणे पुढे किंवा मागे जाते, तबकडी वर करून ठेवले तर वेगळे, किल्ली वर करून ठेवले तर वेगळे. वाइंडरमध्ये अवस्था बदलत राहतात आणि चुका एकमेकींना खोडतात. ब्रेगे या थोर कारागिराने १८०१ साली टूर्बियाँ नावाच्या फिरत्या पिंजऱ्याचे पेटंट घेतले ते याच तत्त्वावर.

घड्याळजी : तत्त्व बरोबर, पण अपेक्षा कोणत्या पातळीची आहे तेही पाहावे. स्वित्झर्लंडच्या कोस्क या संस्थेकडून क्रोनोमीटर म्हणून प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यंत्राची पंधरा दिवस, पाच अवस्थांत आणि तीन तापमानांत परीक्षा होते. आणि तेथेही सरासरी दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट असते. म्हणजे उत्तमांतले उत्तम घड्याळही महिनाभर वाइंडरवर फिरल्यानंतर दोन-तीन मिनिटांनी चुकलेले असू शकते आणि ते बांधण्यापूर्वी किल्ली ओढून काटे लावावेच लागतात. मग ज्या किल्लीला हात लागू नये म्हणून पेटी आणली, तिला हात लागलाच.

साध्या घड्याळाच्या बाबतीत, म्हणजे जे फक्त वेळ आणि तारीख दाखवते त्याच्या बाबतीत, वाद येथे संपायला हरकत नाही. ते थांबू द्यावे. पुन्हा बांधताना किल्लीला वीस-तीस फेरे द्यावेत, काटे लावावेत, तारीख फिरवावी. दोन मिनिटांचे काम आहे. तारीख लावताना एकच पथ्य आहे, ते असे की काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान असताना तारीख झटपट बदलण्याची सोय वापरू नये, कारण त्या वेळी तारखेची चकती ढकलणारा दात आधीच तिच्यात गुंतलेला असतो आणि जबरदस्ती केली तर तो मोडतो. सेकोच्या ७एस२६ सारख्या काही यंत्रांना हाताने चावी देताच येत नाही. ते घड्याळ आडवे धरून अर्धा मिनिट सावकाश इकडून तिकडे हलवले की चालू लागते आणि उरलेले काम मनगट करते.

खरा वाद सुरू होतो तो दिनदर्शिकेच्या घड्याळांपाशी. संग्राहकाने आपला सर्वांत भक्कम मुद्दा राखून ठेवला होता तो हाच.

संग्राहक : परपेच्युअल कॅलेंडर म्हणजे शाश्वत दिनदर्शिकेचे घड्याळ. कोणता महिना तीस दिवसांचा, कोणता एकतीसचा, फेब्रुवारी कधी अठ्ठावीसचा आणि कधी एकोणतीसचा, हे सारे त्याला ठाऊक असते. त्याच्या आत चार वर्षांत एक फेरा पुरा करणारे एक चाक असते आणि त्याच्या कडेला अठ्ठेचाळीस महिन्यांच्या खाचा असतात. लहान महिन्याला खाच खोल, मोठ्या महिन्याला खाचच नाही, आणि एक तरफ त्या खाचेची खोली चाचपून महिनाअखेर तारीख किती घरे पुढे उडवायची ते ठरवते. टॉमस मज या इंग्लिश कारागिराने अशी रचना १७६२ च्या सुमारास खिशातील घड्याळात केली आणि पाटेक फिलिपने १९२५ साली ती मनगटावर आणली. आता असे घड्याळ दीड महिना कपाटात थांबले तर काय करायचे? जुन्या पद्धतीच्या घड्याळात वार, तारीख, महिना आणि चंद्र यांच्यासाठी कडेला चार वेगवेगळ्या बारीक खुंट्या असतात, त्या टोचणीने एकेक करून आणि योग्य क्रमानेच दाबाव्या लागतात. आयडब्ल्यूसी कंपनीच्या कुर्ट क्लाउस याने १९८५ च्या दा विंची घड्याळात हे सारे एका किल्लीवर आणले, पण त्या किल्लीने दिवस फक्त पुढे जातात, मागे येत नाहीत. एक दिवस जास्त फिरला तर घड्याळ बंद करून कालचक्र त्याला गाठेपर्यंत वाट पाहत बसावे लागते. अशा यंत्राला पेटीत फिरते ठेवणे हा आळस म्हणायचा का?

घड्याळजी : नाही. येथे पेटी ठेवावी. खुंट्या चुकीच्या क्रमाने किंवा चुकीच्या वेळी दाबून मोडलेली अशी घड्याळे दुरुस्त करणे हे चालण्याच्या झिजेपेक्षा फार कठीण काम आहे, आणि ज्या यंत्राला थांबवणे हेच धोक्याचे आहे ते थांबू न देणे शहाणपणाचे. फक्त एवढे लक्षात ठेवावे की पेटीही थांबते. भारनियमन ज्यांनी सोसले आहे त्या महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे सांगायला नको : वीज जाऊन दोन दिवस आली नाही तर शाश्वत दिनदर्शिकाही थांबते, म्हणून अशी पेटी बॅटरीवरही चालणारी असावी.

घड्याळजीच्या या कबुलीत एक बारीक भर घालणे आवश्यक आहे. शाश्वत हे विशेषण सरळ अर्थाने घ्यायचे नसते. शंभराने भाग जाणारी पण चारशेने भाग न जाणारी वर्षे लीप नसतात, ही ग्रेगोरियन दिनदर्शिकेतील तरतूद चार वर्षांच्या चाकाला कळत नाही. म्हणून आज चालू असलेले जवळजवळ प्रत्येक असे घड्याळ, ते अखंड वाइंडरवर फिरत राहिले तरी, १ मार्च २१०० रोजी २९ फेब्रुवारी दाखवील. चंद्रकलेचीही तीच कथा आहे. नेहमीच्या चंद्रकलेच्या चकतीला ५९ दात आणि तिच्यावर दोन चंद्र असतात, म्हणजे एका चांद्रमासाला साडेएकोणतीस दिवस. प्रत्यक्षात तो त्याहून सुमारे ४४ मिनिटांनी मोठा असल्याने दर पावणेतेहतीस चांद्रमासांनी एक पूर्ण दिवसाची चूक साचते. आपल्या पंचांगात अधिक मास येतो तोही साधारण एवढ्याच काळाने. दोन्हींची कारणे वेगळी आहेत, एक चांद्रमासाच्या अपूर्णांकातून आणि दुसरे चांद्र व सौर वर्षांच्या तफावतीतून आलेले, आणि आकड्यांचे जुळणे हा निव्वळ योगायोग आहे. पण घड्याळाचा चंद्र लावण्याची वेळ लक्षात ठेवायला मराठी माणसाला त्याचा उपयोग होऊ शकतो. अधिक महिना आला की चंद्र एका दिवसाने दुरुस्त करून घ्यावा. १३५ दातांच्या चकतीला ही पाळी १२२ वर्षांनी येते.

राहिलेला वाद पेटी वापरायचीच ठरली तर ती कशी वापरावी, एवढ्यापुरता उरतो.

संग्राहक : पुष्कळ लोक म्हणतात की वाइंडरने मेनस्प्रिंग वाजवीपेक्षा जास्त ताणली जाऊन तुटते. ही भीती तरी आपण काढून टाकाल अशी आशा आहे.

घड्याळजी : ती काढून टाकायला आद्रिएँ फिलिप याने १८६३ साली शोधलेली घसरती मेनस्प्रिंग पुरेशी आहे. ऑटोमॅटिक घड्याळात मेनस्प्रिंगचे बाहेरचे टोक डबीला पक्के जोडलेले नसते. ते एका ताठ पट्टीच्या दाबाने भिंतीला धरून राहते आणि स्प्रिंग पूर्ण भरली की सरकते. तुटत काही नाही. पण सरकताना ते टोक डबीच्या भिंतीवरच्या खास ग्रीसवर घासते, आणि पेटी गरजेपेक्षा जास्त फेरे देत राहिली तर दिवसभर हेच घासणे चालू राहते. म्हणून फेरे कमीत कमी ठेवावेत. बहुतेक यंत्रांना दिवसाला ६५० ते ९०० फेरे पुरतात. ६५० पासून सुरुवात करावी, घड्याळ काही दिवसांत थांबले तरच वाढवावे. यंत्र कोणत्या दिशेच्या फिरण्याने भरते तेही पाहावे लागते, कारण वाल्जू ७७५० सारखी काही यंत्रे एकाच दिशेने भरतात आणि दुसऱ्या दिशेने रोटर नुसता गरगरतो. आणि रिकाम्या घड्याळाला पेटीत टाकून ते भरेल अशी अपेक्षा धरू नये. आधी हाताने चावी द्यावी, मग पेटीने ती टिकवावी.

संग्राहक : एवढे कमी फेरे पुरतील?

घड्याळजी : स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावच्या आब्राम-लुई पेर्रले याच्या स्वयंचलित घड्याळाविषयी जिनिव्हाच्या कलासंस्थेने १७७७ साली नोंदवले आहे की ते बाळगणारा माणूस पंधरा मिनिटे चालला की ते आठ दिवस चालते. त्याच्या घड्याळाची रचना नेमकी कशी होती आणि रोटरचे श्रेय त्याला द्यावे की लिएजच्या ह्युबेर सार्तों याला, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, पण ते श्रेय कोणाचेही असो, रोटर थोडक्यात भागवतो ही गोष्ट तेव्हापासून ठाऊक आहे.

पेटीतील मोटारीच्या चुंबकत्वाने घड्याळ बिघडते हा आक्षेप दोघांनीही फार ताणला नाही. चुंबकत्व चढलेले घड्याळ, बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटू लागल्याने, दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाते हे खरे. परंतु चुंबकरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळाला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मीटरला ४,८०० अँपिअर एवढे क्षेत्र सोसावेच लागते, आणि बऱ्या पेटीची लहानशी मोटार हातभर लांब ठेवलेल्या ध्वनिवर्धकाहून किंवा मोबाइलच्या चुंबकी कव्हराहून अधिक धोक्याची नसते. पावसाळ्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोकणात आणि मुंबईत आषाढ-श्रावणात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, आणि मखमलीचे अस्तर लावलेल्या बंद पेटीत ती कमी होत नाही, वाढते. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि पट्टा काढून ठेवता आला तर फारच उत्तम.

शेवटी घड्याळजीने एका विशिष्ट घड्याळाविषयी जे सांगितले ते या सर्व चर्चेहून वेगळ्या वजनाचे आहे, कारण तेथे झीज या शब्दाचा अर्थच बदलतो. एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ साली मनगटी घड्याळांचा कारखाना काढला आणि पुढे कांचन, रजत यांसारखी ऑटोमॅटिक घड्याळे महाराष्ट्रातील कित्येक घरांत लग्नातील मानाची भेट म्हणून गेली. केंद्र सरकारने हा घड्याळ-उपक्रम बंद करण्यास २०१६ साली मंजुरी दिली. या जुन्या घड्याळांना नवे सुटे भाग मिळणे आता फार कठीण आहे. कारागीर एका मेलेल्या घड्याळातून चाक काढतो आणि दुसऱ्या जिवंत घड्याळात बसवतो, आणि अशी मेलेली घड्याळे दरवर्षी कमी होत जातात. याच्या जोडीला जुन्या यंत्रांवर नवी रंगवलेली तबकडी बसवून विकायचा धंदा वाढला, ज्या मालाला जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' या नावाने ओळखतात.

संग्राहक : म्हणजे वडिलांच्या लग्नातील कांचन पेटीत ठेवू नये?

घड्याळजी : ज्याचा सुटा भाग स्वित्झर्लंडहून किंवा जपानहून येऊ शकतो ते घड्याळ खुशाल फिरवावे, तेथे चूक झाली तरी पैशाने भरून निघते. कांचनच्या रोटरचा आस झिजला तर तो बदलण्यासाठी दुसरे एक कांचन मारावे लागते. ते थांबलेलेच ठेवावे, महिन्यातून एखाद्या दिवशी मनगटावर बांधावे, आणि गेल्या दहा वर्षांत ते कोणी उघडलेले नसेल तर चालवण्याच्या आधी स्वच्छ करून तेल घालून घ्यावे.